सहा हातांचा सांडवा

जनावरं छावणीला गेली, गोठा रिकामा झाला, म्हणून वरच्या वाडीला लोकशाळा मिळाली. पोरांची शाळा वाडीत आधीपासून होती, चौथीपर्यंतची, गळक्या कौलांची. पाऊसच नसल्यानं सध्या तिचं बरं चाललं होतं. ही शाळा मोठ्या माणसांची. गोरक्ष मास्तर तीस वर्षं गावोगाव पोरांना शिकवून पेन्शनीत निघाले, घरी आले आणि महिनाभरात घरच्यांना नकोसे झाले. मग त्यांनी सूर्यभान पाटलांचा गोठा मागून घेतला, झाडला, सारवला आणि दारावर चुन्यानं लिहिलं, ‘लोकशाळा’. त्र्याहत्तर सालची संक्रांत होती ती. माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि मास्तर म्हणत होते, उन्हं कलली की शिकायला या. लोक हसले, पण आले. घरी बसून तरी काय करणार होते?

बावीस माणसं, बावीस खुंटे. ज्यानं त्यानं आपापल्या खुंट्याला टेकून बसायचं, असं आपोआपच ठरून गेलं. बनुबाईच्या वाट्याला पाटलांच्या म्हशीचा खुंटा आला. पहिल्या दिवशी बायकांनी तिची चेष्टा केली, “बनुबाई, दोन्ही वेळचं मिळून किती लिटर देनार गं?” बनुबाईही हसली. पन्नाशीला टेकलेली बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात एकटी. तिला कोणी चेष्टेनं का होईना, हाक मारली की बरं वाटायचं.

शाळेचे नियम दोनच. पहिला, जो शिकायला येईल त्यानं एक तरी गोष्ट इतरांना शिकवायची. म्हणून अक्षरं मास्तर शिकवायचे, पण वाखाचे दोर वळायला मच्छिंद्र शिकवायचा, आणि बियाणं राखेत कसं ठेवायचं ते बनुबाईनं शिकवलं. त्या दिवशी खुद्द मास्तर पाटी घेऊन खाली बसले आणि तिनं सांगितलं ते लिहून घेतलं. ‘लिंबाचा पाला सावलीत वाळवावा’ हे तिचं वाक्य भिंतीवर आलं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण कुठं लिहिलंय ते ठाऊक होतं आणि येताजाता ती तिकडं बघून घ्यायची.

दुसरा नियम मास्तरांचा लाडका. लोकशाळेत जे ठरेल ते एकमतानं. बहुमत वगैरे काही नाही. मास्तर एकेकाचं नाव घेऊन विचारणार, “हाय का मान्य?” आणि प्रत्येकानं आपल्या तोंडानं “हाय” म्हणायचं. एक जरी ‘न्हाई’ आलं तरी काम थांबलं. मास्तर कुणी पाहुणा आला की अभिमानानं सांगायचे, आजवर आमच्याकडं एकदासुद्धा ‘न्हाई’ आलेलं नाही. बिचाऱ्यांना वाटायचं, ही माणसं किती शहाणी आहेत.

शाळेनं हाती घेतलेलं मोठं काम म्हणजे ओढ्यावरचा बंधारा. वाडीच्या खालच्या अंगाला ओढा दोन टेकड्यांमधून जातो, तिथं दगड-चिखलाचा बांध घालायचा. पाणी अडलं तर वाडीच्या विहिरी उतरणार नाहीत. यासाठी मास्तरांनी शांतवन मिस्त्रीला बोलावून आणला. शांतवन मिशनच्या वस्तीवरचा गवंडी, साठीचा, पाठीनं जरा वाकलेला, पण हातात ओळंबा धरला की ताठ. त्याची वस्ती ओढ्यानं खाली दीड कोसावर. रोज उन्हं कलली की वाटेतल्या खालच्या वाडीतून चालत वर यायचा आणि रात्री परत जायचा.

आणि खालच्या वाडीत बनुबाईची साळू दिलेली होती.

एकुलती एक लेक. सहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन तीही खडीवर जायची, पण दुसऱ्या कामावर, त्यामुळं मायलेकींची गाठ पडायची नाही. खालच्या वाडीला विहीर एकच, तीही कोरडी. सगळी वाडी ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीनं पाणी भरायची. शांतवन रोज साळूच्या दारात पाणी प्यायचा आणि वर आला की बनुबाईला न चुकता सांगायचा, “साळूनं पानी दिलं.” झालं, एवढीच खुशाली. पण त्यात सगळं यायचं. लेक उठलेली आहे, पाणी भरून आलेली आहे, दारात उभी आहे.

एकदा तो म्हणाला, “तुमची साळू तांब्या हातात देती, बनुबाई. वरून वतत न्हाई.” बनुबाई जरा ओशाळली. ती स्वतः महिनाभर त्याच्या ओंजळीत वरूनच ओतत होती. दुसऱ्या दिवशीपासून तीही तांब्या हातात द्यायला लागली. लोकशाळेत शिकलेल्या गोष्टींत तिनं ही धरली नव्हती, पण धरायला हरकत नव्हती.

चैत्रात बंधारा छातीइतका झाला. दोन्ही टेकड्या जवळजवळ जोडल्या गेल्या, फक्त डाव्या अंगाला सहा हातांची जागा शांतवननं बुटकी ठेवली होती. तो म्हणाला, “हा सांडवा. बंधारा भरला की जास्तीचं पानी हितनं निघून जाईल, बंधाऱ्याच्या अंगावरनं जानार न्हाई. अंगावरनं गेलं की बंधारा फुटतो.”

सरळ गोष्ट होती. पण सांगायची कुणाला? दोन वर्षं आभाळाकडं बघून माना दुखलेल्या माणसांना. पाणी अडवायचं आणि पुन्हा त्यालाच वाट ठेवायची, हे त्यांच्या पचनी पडेना. सगळ्यात मोठ्यानं बोलला छगन. छगन बनुबाईचा चुलतदीर, चाळिशीचा, अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. अख्ख्या वाडीत छावणीला न पाठवता दारात जगवलेली बैलजोडी त्याची एकट्याची, आणि बनुबाईचं तीन एकर रान तोच नांगरून द्यायचा. कधी कुरकुर केली नाही, पण त्याच्याशिवाय तिचं रान पडून राहिलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“भोकच ठिवायचं तर बांधलंय कशाला?” छगन म्हणाला. “तीन म्हैने आमी दगडं वाह्यली, हाताची सालपटं काढली, आन् पानी जानार कुठं? खाली. बुजवा ते. आन् बंधारा चढवा अजून दोन हात. एक थेंब जाऊ द्यायचा न्हाई.”

‘एक थेंब जाऊ द्यायचा न्हाई’ म्हटल्यावर गोठ्यात सगळ्यांचे चेहरे उजळले. ते वाक्य इतकं गोड लागलं लोकांना की शांतवननं त्यानंतर काय सांगितलं, ते कुणी ऐकलंच नाही. तो सांगत होता की पाऊस बेताचाच पडेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

मास्तरांनी नावं घ्यायला सुरुवात केली. शांतवनला विचारलं नाही. मिस्त्री शिकवायला आलेला, बाहेरचा, त्याचं मत धरायची पद्धत पडली नव्हती. तो ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत दाराशी उभा राहिला. मच्छिंद्र, हाय. छबूबाई, हाय. नावं जवळ येत गेली, पण बनुबाईचं लक्ष नावांत नव्हतं. तिला झिरा दिसत होता. बंधाऱ्याखाली ओढा कोरडा पडला की झिऱ्याला पाणी येणार कुठून? हे कळायला काही मास्तरांची गरज नव्हती. पण तिनं ‘न्हाई’ म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारी खाते आमच्यात आणि ओढते लेकीकडं. आणि समोर छगन बसला होता, मांडी घालून, तिच्याकडं बघत.

“बनुबाई, हाय का मान्य?”

“हाय,” बनुबाई म्हणाली.

एवढासा शब्द. पण तो तोंडातून निघाला आणि तिला आपलं तोंड परक्या बाईचं वाटलं. दाराशी उभ्या शांतवननं मान खाली घातली होती. ती त्यानं रागानं घातली की तिची लाज वाटू नये म्हणून, हे तिला कळलं नाही.

त्याच आठवड्यात सांडवा बुजला. त्यातले दगड शांतवननं एकट्यानं लावले, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, नसता हात लागला की ओळंबा चुकतो म्हणाला. वाडीनं नारळ फोडला. छगन बंधाऱ्यावरून दोनदा इकडून तिकडं चालत गेला.

शांतवनचं येणंजाणं आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत होतं. बंधाऱ्याचा माथा घडवायचा राहिला होता. तो पूर्वीसारखाच रोज खुशाली सांगायचा. एक दिवस म्हणाला, “साळूनं पानी दिलं. अर्धा तांब्या.” आणि जरा थांबून, “म्हनली, दादा, आज झिऱ्याला येवढंच हाय.”

तो बोल लावत नव्हता, जे झालं ते सांगत होता. पण बनुबाईला भाकर गेली नाही. असलेल्यातला अर्धा तांब्या वाटसरूला देणारी लेक तिच्याच पोटची, आणि तिच्या पाण्याच्या वाटेवर दगड ठेवायला ‘हाय’ म्हणणारी आईही तीच. खडीवर हातोडा चालवताना तिच्या डोक्यात तोच शब्द आपटत राहायचा. कितीदा तिच्या मनात आलं, मास्तरांना गाठावं, सांगावं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलीही, आणि “मास्तर, ‘ळ’ कसा काढायचा?” असं विचारून परत आली. मास्तरांना वाटलं, बाईला शिकण्याची काय ही ओढ.

‘ळ’ मात्र तिला आला. ‘साळू’ लिहिता यायला लागलं.

आखितीला लेकी माहेरी येतात. खालच्या वाडीच्या लेकी आदल्या दिवशीच ओढ्याच्या पात्रातून, कोरड्या वाळूतून चालत वर आल्या. साळू पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली तेव्हा बनुबाईनं आधी पोरीला घेतली आणि मग लेकीकडं बघितलं. गळ्याची हाडं वर आली होती. ओठ फुटले होते. पण हसत होती. साळू लहानपणापासून हसरी. पडली तरी आधी हसायची आणि मग रडायची.

“आये, बंधारा बघितला गं येताना,” ती पाय धुता धुता म्हणाली. पाय धुवायला तिनं घेतलं होतं फुलपात्रभर पाणी. “लई उंच झालाय. तूबी दगडं वाह्यली म्हनं?”

“व्हय, वाह्यली की.”

“आमच्याकडं बाया म्हनत्यात, आता बनुबाईच्या शाळेनं बंधारा बांधलाय, आपल्या बी झिऱ्याला पानी येईल. भरल्यावर खाली येईलच ना गं, आये?”

बनुबाईनं नातीचं झबलं नीट केलं. ते नीटच होतं.

“येईल की,” ती म्हणाली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, नवऱ्याच्या नावानं आखितीची घागर भरताना ती मधेच थांबली. टँकरचं पाणी, गढूळ. मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो आपण, आणि जित्या लेकीला खोटं बोलतो. तिला एकदम रडू आलं. साळूला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि बनुबाईला आणखीच रडू आलं.

दुपारी लोकशाळेचा शेवटचा वर्ग होता. मास्तरांनी गोठ्याला आंब्याची डहाळी लावली होती. पद्धत अशी ठरलेली की प्रत्येकानं आपल्या खुंट्यापाशी उभं राहून, या चार महिन्यांत मी काय शिकलो ते सांगायचं. माहेरी आलेल्या लेकी मागच्या भिंतीला ओळीनं बसल्या होत्या, पोरंबाळं घेऊन, कौतुकानं. मच्छिंद्र म्हणाला मी सात-बारा वाचायला शिकलो. छबूबाई म्हणाली मी सही शिकले, आता अंगठा फक्त शेण थापायला. लोक हसले. मास्तर खूश होते.

बनुबाई उठली. म्हशीचा खुंटा तिनं एका हातानं धरला.

“मी लिवायला शिकले,” ती म्हणाली. “बनुबाई, साळू, पानी, येवढं लिवता येतं मला.” मास्तरांनी मान डोलावली. ती बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही.

“आन् मी हाय म्हनायला बी शिकले. न्हाई म्हनायचं हुतं तवा.”

गोठ्यात कुणीतरी खोकलं. बनुबाईनं खाली बघूनच बोलणं चालू ठेवलं, कारण वर बघितलं असतं तर तिला पुढं बोलता आलं नसतं.

“सांडवा बुजवायचं ठरलं तवा मास्तरांनी मला इचारलं. मी हाय म्हनले. माझ्या मनात न्हाई हुतं. खाली माझी साळू हाय, तिच्या झिऱ्याला पानी ह्याच वड्याचं जातंय. पन मला वाटलं, तुमी म्हनाल बाई लेकीकडं वढती. भावजी माझं रान नांगरत्यात, त्यांनी नांगर बंद केला तर मी काय करू, ह्या भ्यानं हाय म्हनले. काल लेकीनं इचारलं, आये, पानी येईल ना? तर तिला बी येईल म्हनले. खोटंच.” तिनं खुंट्यावरचा हात बदलला. “लेक सासरी निघाली की आपन तिची वटी भरतो. ती पोर त्यातले चार दाने माघारी आपल्या घरात टाकती, माहेर रितं हू नये म्हनून. आन् आपन काय केलं? आपलं भरून उरल्यालं बी तिच्याकडं जाऊ नये म्हनून भिताड घातलं. मी घातलं. दुसऱ्या कोनाचं मी सांगत न्हाई.”

ती खाली बसली. साळूकडं बघायची तिची छाती झाली नाही.

मग छबूबाई, जी सही शिकली होती, ती बसल्या जागेवरून म्हणाली, “माझी धाकली नणंद खाली हाय. मला बी तसंच वाटलं हुतं.” मच्छिंद्रनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “माझ्या दोन भनी हायेत खाली. ह्या काय बसल्यात.” मागच्या भिंतीकडं त्यानं हात केला. आणि मग एकापाठोपाठ एक. दोन वाड्यांची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. कुणाची लेक, कुणाची बहीण, कुणाची मावशी, घर असं नव्हतं की ज्याचं माणूस त्या झिऱ्यावर वाटी घेऊन बसत नव्हतं. बावीस माणसांनी ‘हाय’ म्हटलं होतं आणि निम्म्यांहून जास्त जणांच्या मनात ‘न्हाई’ होतं. प्रत्येकाला वाटलं, मी एकटाच वाईट.

गोरक्ष मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता. चार महिने ज्या एकमताचा अभिमान मिरवला ते असं निघालं. पण माणूस खरा मास्तर होता. चुकलेलं गणित पुसायची त्याला लाज नव्हती.

“म्हणजे ठराव झालाच नव्हता,” ते म्हणाले. “पुन्हा विचारू. सांडवा उघडायचा, हाय का मान्य? शांतवन मिस्त्री, आधी तुम्ही सांगा. तुम्हांला त्या दिवशी आम्ही विचारलंच नाही.”

दाराशी उभ्या शांतवननं घसा साफ केला. “हाय मान्य,” तो म्हणाला, आणि सवय नसल्यानं उगाच नमस्कारही केला.

मच्छिंद्र, हाय. छबूबाई, हाय. बनुबाईनं इतक्या मोठ्यानं ‘हाय’ म्हटलं की तिच्या मांडीवरची नात दचकली. शेवटचं नाव छगनचं राहिलं.

“माझं खाली कोनी न्हाई,” छगन म्हणाला.

छगनची सख्खी बहीण भागूबाई खालच्या वाडीतच होती, साळूच्या शेजारच्या घरात. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात मानपानावरून मेव्हण्याशी वाजलं होतं, तेव्हापासून ना हा गेला, ना ती आली. मागच्या भिंतीला ती नव्हतीच.

“सांडवा मान्य हाय का, छगन?” मास्तरांनी विचारलं.

छगन उठला आणि कुणाकडं न बघता बाहेर निघून गेला.

नियम नियम होता. एक ‘हाय’ कमी पडला की काम थांबलं. सगळे आपापल्या खुंट्याला बसून राहिले. बनुबाई मनात म्हणत होती, आता काही झालं तरी मी शब्द मागं घेणार नाही, रान पडीक राहिलं तर राहिलं. साळू केव्हा मागून सरकत येऊन तिला चिकटून बसली, ते तिला कळलं नाही. तिच्या खांद्यावर लेकीचं डोकं आलं तेव्हा कळलं.

इतक्यात दारात उजेड अडला. छगन परत आला होता. खांद्यावर पहार होती, मनगटाएवढी जाड.

“बसलाव काय नुसतं?” तो खेकसला. “हाय मान्य. चला.”

सगळी वाडी ओढ्यावर आली, लेकींसकट. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिला दगड बनुबाईनं काढावा असं सगळ्यांनी धरूनच चाललं. तिनं पदर खोचला, वरचा दगड धरला आणि जोर लावायला गेली, तर दगड अलगद हातात आला. तिनं खाली हात घातला. आत चिखल नव्हता. सबंध बंधाऱ्यात दगडादगडात चिखल दाबून भरलेला, आणि ही सहा हातांची जागा मात्र नुसते कोरडे दगड एकावर एक रचून ठेवलेली.

तिनं वळून शांतवनकडं बघितलं. तो ओळंब्याची गाठ सोडवत होता. ती गाठ काही तितकी अवघड नव्हती.

“मिस्त्री, चिखल?” छगननं पहार टेकून विचारलं.

“चिखलाला पानी कुठं हुतं?” शांतवन म्हणाला.

छगन त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं.

“ह्यो साळूचा,” बनुबाई म्हणाली आणि तिनं दगड बाजूला ठेवला. छबूबाईनं नणंदेचं नाव घेऊन दुसरा काढला. मच्छिंद्रनं दोन. ज्याची जितकी माणसं खाली, तितके दगड, नाव घेऊन. लेकी टेकडीवर बसून आपापलं नाव ऐकत होत्या, आणि नाव आलं की पदर तोंडाला लावत होत्या. सगळ्यांचं झालं तरी कडेचे दगड राहिले. छगन पुढं झाला.

“ह्यो भागीचा,” तो म्हणाला. दगड काढला. मग घुटमळला. “तिला तीन पोरी हायेत म्हनं.” आणि त्यानं आणखी तीन काढले. ते सांडव्याबाहेरचे, चिखलातले होते, त्यांना मात्र पहार लागली. शांतवननं नंतर मोजलं तर सांडवा सहा हात आणि वर एक वीत भरला. राहू द्या, म्हणाला, जास्तीची वीत काही वाया जात नाही.

लेकी सासरी गेल्या. बनुबाईचं रान छगननं मृगाआधी नांगरून टाकलं, दरवर्षीपेक्षा खोल, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पाऊस बेताबेतानं झाला, बंधारा निम्म्यावर येऊन थांबला. सांडव्यापर्यंत पाणी पोचतं की नाही, याची वाडीला काळजी लागली. बनुबाई रोज जाऊन बघायची. अजून दोन हात, अजून दीड हात.

मग हस्तात एका दुपारी डोंगराकडं काळं झालं आणि दोन तास असा कोसळला की समोरचं झाड दिसेना. माणसं घोंगड्या घेऊन बंधाऱ्याकडं पळाली. पाणी लाल, फेसाळ, चढत होतं. माथ्याला हातभर राहिलं तेव्हा डाव्या अंगाला वळलं आणि सांडव्यातून खाली उतरलं. बंधारा जागचा हलला नाही. छगन भिजत उभा होता. त्या पाण्याला वाट नसती तर ते कुठून गेलं असतं, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. तो फक्त म्हणाला, “जाऊ द्या. जाऊ द्या खाली.” आणि सगळे पाण्याबरोबर नजर खाली खाली नेत राहिले, ओढा वळतो तिथपर्यंत.

दोन दिवस ओढ्याला उतार नव्हता, त्यामुळं खालची खबर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शांतवन आला. काम संपल्यावर त्याला यायचं कारण नव्हतं. मास्तरांनी पुढच्या शाळेसाठी बोलावलंय, म्हणाला. मास्तरांचं घर अलीकडं लागतं, पण तो आधी बनुबाईच्या दारात आला. बनुबाई जोंधळ्यातलं तण काढून नुकतीच आली होती, हात मातीचे होते. ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली. विचारायचं धाडस तिला होईना.

“भागूबाईनं इचारलंय, छगन कसाय म्हनून,” शांतवन म्हणाला. “सांगा त्याला.”

“सांगते. आन्?”

“आन् साळूनं पानी दिलं.”

“किती?”

शांतवननं पायरीवर बसून घेतलं. म्हाताऱ्याला घाई नव्हती.

“तांब्याभरून,” तो म्हणाला. “मी प्यालो. तर म्हनली, दादा, अजून घ्या. मी अजून घेतलं.”